कवळी, क्लॅरिनेट आणि आमचा पहिला अल्बम

आमचा बँड एका लग्नात जमला, आणि ते लग्न आमच्यामुळे मुहूर्ताच्या चार मिनिटं आधी लागलं. नवराबायको अजून सुखात आहेत. पंचांगाबद्दलचं माझं मत तेव्हापासून जरा ढिलं झालंय.

लग्न नांदेडला होतं. मी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये बॉटनी शिकवते आणि नवरी आमच्याच क्लासची फिजिक्सची मॅडम. मला गाता येतं हे स्टाफरूमला ठाऊक होतं, त्यामुळे मंगलाष्टकं माझ्या गळ्यात पडली. सोबतीला माझी रूममेट आली होती. ती चाकूरची, दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा काढायची आणि रूमवर आली की गिटार काढायची. तिला सहा कॉर्ड येत, त्यातले चार चांगले. मी मुखेडची. आईने मला लहानपणी गाण्याच्या शिकवणीला घातलं होतं, कारण 'मुलीला गाण्याची आवड आहे' हे वाक्य पुढेमागे बायोडेटात बरं दिसेल असा तिचा हिशोब होता.

मुहूर्त बारा सदतीसचा. मंगलाष्टकं म्हणणारे माझ्याशिवाय आणखी चार जण होते आणि प्रत्येकाने स्वतःची रचना आणली होती. नवरदेवाच्या आत्याचं तर अकरा कडव्यांचं होतं. त्यात दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावं यमकात बसवली होती. एका जावयाचं नाव कशातच बसेना म्हणून त्याला वगळलं होतं, आणि तो सकाळपासून पार्किंगमध्ये रुसून बसला होता. आत्याचा नंबर शेवटचा, माझा तिच्या आधीचा.

बँडवाले कार्यालयाच्या दारात, एप्रिलच्या उन्हात, लाल लोकरीचे कोट घालून उभे होते. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मी माझं मंगलाष्टक म्हटलं, शेवटचा 'सावधान' जरा ताणला, आणि त्यातला 'न' अजून हवेत होता तोच दारातून साइड ड्रमचा एक रोल आला. असा आला की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. पाठोपाठ अख्खा बँड सुरू.

बँड वाजला म्हणजे लग्न लागलं, हे आपल्या लोकांच्या हाडात मुरलंय. सगळ्या मांडवाच्या हातातल्या अक्षता एकदम सुटल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला. नवरीने हार घातला, नवरदेवाने घातला, फटाके लागले, आणि भटजी घड्याळावर बोट आपटत ओरडत राहिले, "अहो, चार मिनिटं! अजून चार मिनिटं आहेत!" आत्या कागद हातात धरून, तोंड उघडं ठेवून उभी होती.

नवरीचे काका दाराकडे धावले. ड्रमवाल्याची कॉलर धरायची होती, पण बँडच्या कोटाला कॉलर नसते, म्हणून त्यांनी सोनेरी झालर धरली.

"तुला कुणी सांगितलं रे वाजवायला?"

"सावधान ऐकू आलं, वाजवलं. आमाला तेवढंच सांगितलंय."

"शेवटच्या सावधानला वाजवायचं असतंय, येड्या!"

"शेवटचंच वाटलं की साहेब," तो म्हणाला. "मॅडमनी असं म्हणलं, की आता ह्याच्या म्होरं काय उरलंच न्हाई."

माझ्या गाण्याचं इतकं चांगलं परीक्षण त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी पुढे झाले आणि न अडखळता खोटं बोलले. "काका, चूक माझी आहे. मला वाटलं माझंच शेवटचं. मीच त्यांना माझं झालं की वाजवा म्हणून सांगितलं होतं."

काकांनी झालर सोडली. आत्याने मात्र मला सोडलं नाही. जेवणाच्या वेळी तिने माइक मागवला आणि अकराच्या अकरा कडवी म्हटली. लोक मान खाली घालून जेवत राहिले. रुसलेला जावई तेवढ्यात आत आला, आपलं नाव नाही याची खात्री करून घेतली आणि पुन्हा पार्किंगमध्ये गेला.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी त्या ड्रमवाल्याला शोधत मागच्या बाजूला गेलो. तो कोट काढून, बनियनवर, जिलबी खात बसला होता. डॉक्टरला ओळख कशी करून घ्यावी हे कळत नाही. ती म्हणाली, "तुमच्या दोन दाढा किडल्यात. पण हात चांगला आहे."

तो उठून उभा राहिला. मी विचारलं, "आमच्याबरोबर वाजवता का?"

"कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचंच नाही."

"मंग वरात? दर्ग्याचा संदल?"

"तसलं काही नाही. आमची आमची गाणी आहेत."

त्याने जिलबी खाली ठेवली. "लगीन न्हाई, वरात न्हाई, मंग वाजवायचं कशापायी?"

ह्याचं उत्तर आम्ही आधी तयार करायला हवं होतं. डॉक्टर म्हणाली, "उगंच."

त्याने जिलबी पुन्हा उचलली. "उगंच तर मी घरी लई वाजवतो," तो म्हणाला. "येतो."

बँडचं नाव काय ठेवायचं यावर आमची कधी चर्चाच झाली नाही. 'सावधान' हे नाव आधीच पडलेलं होतं. आम्ही त्याला भाई म्हणायला लागलो, तो मला मॅडम आणि तिला डॉक्टर. भाई नांदेडचा. घरात तीन पिढ्यांचा लग्नाचा बँड. लग्नसराई नसली की पंखे, कूलर, मिक्सर दुरुस्त करायचा. रविवारी सकाळच्या एसटीने तो ड्रम घेऊन लातूरला यायचा. पहिल्याच वेळी कंडक्टरने ड्रमचं तिकीट मागितलं तर म्हणाला, "साहेब, ह्यो सीटवर कुठं बसलाय? मांडीवर हाय. मांडीवरच्या लेकराचं तिकीट असतंय का?" कंडक्टरने विचारलं लेकरू किती वर्षांचं आहे. भाई म्हणाला, "वाजतं अजून. लहानच हाय."

आमची पहिली गाणी मेसच्या जेवणावर, घरमालकिणीवर आणि मुली बघायला येणाऱ्या लोकांवर होती. प्रेमावर एक केलं होतं, पण डॉक्टर म्हणाली हे गाणं ऐकून दात शिवशिवतात, म्हणून टाकून दिलं. सराव आमच्या खोलीत चालायचा, ड्रमवर गोधडी टाकून. घरमालकीण खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. भाई म्हणायचा, "बाईंचा ठेका पक्का हाय, मॅडम. वर बोलवा."

पहिला कार्यक्रम मुखेडला झाला, आमच्या घरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आईने गल्लीत सांगून ठेवलं होतं की मुलीचा भक्तिसंगीताचा गट येतोय. ती आमच्या गाण्यांबद्दल मला कधी विचारत नसे, त्यामुळे तिला मनासारखं सांगता यायचं. आम्ही पोचलो तर हॉलमध्ये तीसेक बायका काळ्या साड्या नेसून, पदर सावरून, हात जोडायच्या तयारीत बसलेल्या. भाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, नजर जमिनीत खुपसून बसला. अख्ख्या घरात तेवढाच एक पुरुष. माझे वडीलसुद्धा पळून गेले होते.

भक्तीचं एकही गाणं नव्हतं. मी डॉक्टरकडे बघितलं, तिने भाईकडे बघितलं, भाईने जमिनीकडे. मग मी डोळे मिटून मुलगी बघण्याचंच गाणं सुरू केलं.

पोहे खाल्ले, चहा प्याले, 'कळवतो' म्हणून गेले,
आमच्या घरचं लिंबू सांगा कुणासाठी पिळले?

भाईने ड्रमवर पहिली थाप मारली तशी मांडणीवरची सगळी भांडी त्याच्याबरोबर वाजली. गाणं संपलं. आईचा चेहरा असा झाला होता की तो मी अजून कुणाला वर्णन करून सांगितलेला नाही. तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी, जिने सात पोरींची लग्नं लावली होती, म्हणाली, "ते लिंबाचं पुन्यांदा म्हण गं बाई."

ते आम्ही तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा बायका 'पिळले' वर टाळी द्यायला लागल्या. वाण म्हणून त्या वर्षी सगळ्यांना चहाच्या गाळण्या होत्या. आई भाईपाशी येऊन थांबली. पुरुषाला वाण द्यायचं का, आणि ह्या पुरुषाला द्यायचं का, असे दोन प्रश्न तिच्या तोंडावर एकदम दिसत होते. म्हातारीच ओरडली, "दे की! वाजवलंय त्यानं बी." भाईने तिळगूळ खाल्ला, गाळणी खिशात घातली आणि आईच्या पाया पडला. त्यानंतर आई मला फोनवर आधी भाईची खुशाली विचारते, मग माझी.

अल्बम करायचं डोक्यात आलं ते भाईच्या कंटाळ्यातून. एका रविवारी त्याने काड्या खाली ठेवल्या. "मॅडम, ही सहा गाणी माझ्या हाताला पाठ झाली. दुसरी तरी करा, न्हाईतर ही एकदाची कुठंतरी भरून तरी ठेवा."

भरून ठेवायला जागा आमच्या क्लासमध्ये होती. घरून शिकवायच्या दिवसांत आमच्या सरांनी व्हिडिओ लेक्चरसाठी एक खोली तयार केली होती, भिंतींना काळा स्पंज लावून. सर म्हणजे क्लासचे मालक. मूळचे केमिस्ट्रीचे. शर्टाच्या खिशात कायम तीन मार्कर, आणि त्यातला एक कायम गळका, त्यामुळे छातीवर डाव्या बाजूला निळं हृदय. आता ती खोली बंद होती आणि तिच्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. मी सरांकडे गेले.

"सर, स्टुडिओ रविवारी दुपारी मिळेल का?"

"कशाला?"

मी घाबरले आणि तोंडाला येईल ते बोलले. "बॉटनीची गाणी करते. रिव्हिजनसाठी."

सर खुर्चीतून उठले. "हे मी कधीपासून म्हणतोय! गाण्याने पाठ होतं, मॅडम. मला लहानपणच्या साबणाच्या जाहिराती अजून तोंडपाठ आहेत. आणि कालच एक समीकरण फळ्यावर विसरलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर सांगू नका."

तर आम्हाला खोली मिळाली आणि वर बॉटनीची दहा गाणी करायचं कामही लागलं. रविवारी सकाळी पोरांची टेस्ट असायची. ती संपली की आम्ही आत. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यात, लातुरात, स्पंजाच्या खोलीत, पंखा बंद. आम्ही डोक्यावर ओले टॉवेल घेऊन वाजवायचो. डॉक्टर लॅपटॉपवर एडिटिंग शिकली आणि मग तिला आवरणं कठीण झालं. माझ्या प्रत्येक ओळीआधीचा श्वास ती कीड काढावी तसा काढायची. शेवटी मीच म्हटलं, बाई, एखादा ठेव, नाहीतर लोकांना वाटेल मी मेल्यावर गायले.

बॉटनीची गाणी आम्ही अंगावरचं काम म्हणून करत होतो, पण मुळं आणि खोडावरचं एक इतकं चांगलं जमलं की त्याची चाल चोरून आम्ही अल्बममध्ये घेतली. आपल्याच घरी केलेली चोरी. आणि त्याच खोलीत बसून एक गाणं आपोआप झालं. समोर गठ्ठे होते, भिंतीवर सरांचं 'झोपू नका' हे वाक्य होतं, दुसरं काय होणार?

सर म्हणाले झोपू नका, सर म्हणाले हसू नका,
दोन वर्षं श्वास घ्या, पण आवाज त्याचा करू नका.

जूनच्या पहिल्या रविवारी भाईबरोबर त्याचे अब्बा आले. ते नांदेडचे जुने बँडमास्तर. पांढरा शर्ट, पांढरी दाढी, काखेत कापडी पिशवी. खोलीत आले, स्पंजाला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "ये लडका इतवार की सुपारी छोड को यहाँ क्या करता, वो देखने को आया मैं."

सुपारी म्हणजे लग्नाचं बुकिंग. त्यांच्या घरात कुणी कुणाला मारत नाही.

आम्ही त्यांना खुर्ची दिली, हेडफोन दिला आणि तोवर झालेली गाणी ऐकवली. त्यांनी सगळी ऐकली, डोळे मिटून, मान न हलवता. भाई भिंतीला चिकटून उभा होता. हेडफोन काढून अब्बा म्हणाले, "ढोल अच्छा है. गिटारवाली बेटी को सर्दी हुई क्या?"

डॉक्टर म्हणाली, "नाही."

"फिर बजाती वैसा कायकू?" मग माझ्याकडे वळले. "तेरा गला अच्छा है. लेकिन तू डरती. किसको डरती? यहाँ तो कोई हैइच नहीं."

ते खरं होतं, आणि रिकाम्या खोलीत कुणी पकडेल असं मला वाटलं नव्हतं.

लिंबाच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये एक मोकळी जागा होती. तिथे डॉक्टरची गिटार तीन रविवार फसत होती. अब्बांनी ती जागा पुन्हा लावायला सांगितली. ऐकली. मग पिशवी उघडली आणि तिच्यातून क्लॅरिनेट काढली.

भाई एकदम पुढे आला. "अब्बा, रहने दो."

अब्बांनी चार वर्षांत क्लॅरिनेटला तोंड लावलं नव्हतं, हे आम्हाला त्याने तेव्हा सांगितलं. दात गेले, कवळी आली आणि वाजवणं बंद झालं. बँड चुलत्याकडे गेला. तरी ते ती पिशवी नांदेडहून लातूरपर्यंत मांडीवर घेऊन आले होते.

त्यांनी फुंकलं. सूर आला, पण त्याच्याबरोबर टक टक टक असा आवाजही आला. वरची कवळी हलत होती. पुन्हा फुंकलं, पुन्हा टक टक. माइकने ते इमानेइतबारे भरून घेतलं. डॉक्टरला ते सहन होईना. ती उठून त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"अब्बा, आ करा. ही कवळी कुणी बसवली?"

"एक पहचानवाला था."

"कवळी बसवली का फरशी? हिरडीला कुठंच टेकत नाही ही!"

अब्बांनी तोंडात हात घातला, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली. गाल आत गेले. एका क्षणात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला. वरचा ओठ आत ओढून त्यांनी क्लॅरिनेटवर दुमडला आणि भाईला बोटाने ठेका दाखवला.

तो सूर स्वच्छ नव्हता. त्यात वारा होता, थोडी थुंकी होती, मध्ये एकदा घसरून तो भलत्याच ठिकाणी गेला आणि तिथून इतक्या दिमाखात परत आला की घसरला नसता तर चुकलं असतं. मी टॉवेल डोक्यावरून काढून हातात घेतला होता, कशासाठी ते आठवत नाही. रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी दोन मात्रा ड्रम थांबतो. ऐकणाऱ्यांना ती करामत वाटते. भाई वाजवायचं विसरला होता, एवढंच. आम्ही ते तसंच ठेवलं.

डॉक्टरने विचारलं, "अब्बा, सेफ्टीला अजून एकदा घ्यायचं?"

"वरात में फिरसे नहीं होता, बेटा," ते म्हणाले आणि कवळी शोधायला लागले.

अल्बम संपत आला तेव्हा सरांनी बॉटनीची गाणी मागितली. डॉक्टरने पेन ड्राइव्ह भरून दिला. तिने सगळंच भरलं होतं. आमची गाणी वर, बॉटनी खाली. मला हे कळलं तेव्हा मी सरांच्या केबिनमध्ये उभी होते आणि सर 'दोन वर्षं श्वास घ्या'पाशी पोचले होते.

गाणं संपलं. सरांनी ते पुन्हा लावलं. खिशातला गळका मार्कर काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे माझ्यावर आहे का?"

"नाही सर. जनरल आहे."

"जनरल कसं? झोपू नका हे मी रोज म्हणतो. लातुरात असं म्हणणारा मी पहिला. बाकीच्यांनी माझं बघून सुरू केलं."

"हो सर."

"मग नाव का नाही घेतलं?"

सर दुखावले गेले होते, ते खरंच, पण भलत्याच कारणाने. "निदान शेवटी 'प्रवेश सुरू' तरी म्हणायचं," ते म्हणाले.

मी बाहेर येऊन दोघांना सांगितलं. डॉक्टर म्हणाली, गाण्यात जाहिरात येणार नाही, नाहीतर मी गिटार विकते. भाई म्हणाला, तसं नको, पण खोली त्यांची आहे, पंखा त्यांचा आहे, भले बंद असेल. मग त्यालाच सुचलं. सरांनाच गाण्यात घ्यायचं. 'झोपू नका' त्यांनीच म्हणायचं, त्यांच्या आवाजात.

सर पुढच्या रविवारी कोट घालून आले. वर्गात दोनशे पोरांना हादरवणारा तो आवाज माइकसमोर उभा राहिला आणि कुणीतरी घरात पाहुणे झोपलेत म्हणून सांगावं तसा निघाला, "झोपू नका." पुन्हा घेतलं, तर नाकातून आला. सतरा वेळा घेतलं. प्रत्येक वेळी ते विचारायचे, "आता?" शेवटी ते वैतागले, माइककडे पाठ केली आणि डॉक्टरवर ओरडले, "अहो, किती वेळा? मला काय दुसरी कामं नाहीत?" डॉक्टरने तेच ठेवलं. अल्बममध्ये सर 'झोपू नका' म्हणतच नाहीत. ते "मला काय दुसरी कामं नाहीत?" असं म्हणतात आणि ड्रम सुरू होतो.

आम्ही अल्बम इंटरनेटवर टाकला, एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. वाटलं काहीतरी होईल. काही झालं नाही. डॉक्टर एका पेशंटची रूट कॅनाल करायला गेली, मी पेशीविभाजन शिकवायला. पण आठवड्याभरात हॉस्टेलच्या पोरापोरींपर्यंत सरांचं गाणं गेलं. सर वर्गात शिरले की मागच्या बाकावरून बारीक आवाज यायचा, "मला काय दुसरी कामं नाहीत?" तीन दिवस सरांना ती लोकप्रियता वाटली. चौथ्या दिवशी एका पालकाने तक्रार केली की आम्ही मुलांना शिकायला पाठवलंय की सरांवर गाणी म्हणायला?

सरांनी मला बोलावलं. "मॅडम, तो आवाज माझा नाही असं सांगा."

"सर, तो सगळ्यांना ओळखू येतो."

त्यांनी खिशातला मार्कर चाचपला. "मग मिमिक्री आहे म्हणा."

तेव्हापासून लातुरात मी चांगली मिमिक्री करते असा माझा लौकिक आहे. स्नेहसंमेलनात आग्रह होतो. मी घसा बसलाय म्हणून सांगते.

दिवाळीनंतर अब्बांचं म्हणणं आलं की अल्बम आमच्या गल्लीत वाजवा. गल्ली म्हणजे नांदेडमधली त्यांच्या दुकानाची. तिथे ओळीने पाचसहा बँडची दुकानं. बाहेर काचेच्या कपाटात ट्रम्पेट, आत कोट टांगलेले. आम्ही दुपारी चारला पोचलो. डॉक्टरने अब्बांना नवी कवळी करून दिली होती, त्यासाठी ते चारदा लातूरला आले होते. तिने आल्या आल्या त्यांना तोंड उघडायला लावलं आणि उजेडात आत बघितलं. कवळी सुंदर बसली होती. अब्बा म्हणाले, हिच्याने हाडं चावता येतात, पण वाजवायला कामाची नाही. वाजवताना ते ती काढणार होते. डॉक्टर म्हणाली, "माझं सगळ्यात चांगलं काम, आणि हे खिशात ठेवतात."

मग त्यांनी आम्हाला कोट घालायला लावले. "दुकान के सामने बजाना तो कोट में बजाना." लाल लोकर, सोनेरी झालर. डॉक्टरच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या, तिने त्या रबरबँडने वर बांधल्या. माझ्या कोटात दोन मी मावल्या असत्या आणि त्याला आधीच्या दहा-वीस वर्षांच्या लग्नांचा वास होता. घाम, अत्तर आणि थोडी बासुंदी.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून आम्ही आठही गाणी वाजवली. समोर श्रोते म्हणजे गल्लीतले बँडवाले. हाताची घडी घालून उभे. मुखेडच्या बायका बऱ्या होत्या, त्या निदान हसल्या होत्या. ही माणसं आमच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती डॉक्टरची बोटं बघत होती, भाईचं मनगट बघत होती. मी माझ्या भीतीचा विचार केला आणि अब्बांकडे बघितलं. ते कवळी खिशात टाकून, गाल आत घेऊन, आपल्या जागेची वाट बघत होते. मी जरा मोठ्याने गायले. लिंबाच्या गाण्यात त्यांचा सूर सुटला तेव्हा समोरच्या दुकानातले एक जाड मास्तर घडी सोडून दोन पावलं पुढे आले.

सगळं संपल्यावर टाळ्या नाहीत. ते जाड मास्तर माझ्यापाशी आले.

"वो लिंबूवाला गाना. कौनसे पिक्चर का है?"

"पिक्चरचं नाही. आमचं आहे."

"आपका मतलब?"

"आम्हीच केलं."

त्यांनी भाईकडे बघितलं. भाईने मान हलवली. मास्तरांना ते पटेना. "पिक्चर का नहीं तो लोगां फर्माइश कैसे करेंगे? नाम क्या बताएंगे?"

मास्तर पुटपुटत आपल्या दुकानात गेले. आम्ही कोट काढायला लागलो. डॉक्टरच्या बाहीचा रबरबँड अडकला होता आणि भाई तो दाताने तोडत होता, तेवढ्यात समोरून ट्रम्पेट वाजली. मास्तर दुकानाच्या आत, अंधारात, भिंतीकडे तोंड करून लिंबाची चाल काढत होते. पहिली ओळ बरोबर आली. दुसरीत चुकले.

अब्बांनी खिशातली कवळी तशीच ठेवून हाक मारली, "मास्टर, सुर नीचे! नीचे आओ!" आणि ते ऐकत नाहीत असं बघून, क्लॅरिनेट घेऊन, रस्ता ओलांडून त्यांना दाखवायला गेले.